दगड चढायला माणसं येतात तेव्हा

आज गटाची वही थोडा वेळ बाजूला ठेवा. आज आपण एका लांबच्या डोंगरात जाणार आहोत. तिथे माणसं सुट्टी काढून, पदरचे पैसे खर्च करून येतात, आणि कशासाठी, तर दगड चढायला. देवदर्शनाला नाही, लाकूडफाट्याला नाही, मध काढायलाही नाही. नुसता कडा चढायचा आणि खाली उतरायचं. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच.

ऐकून हसू येईल. आपण डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरतो, तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही. पण हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. ज्या भागात ही माणसं जातात तो भाग गरीब, डोंगराळ आणि जंगलाचा आहे. खाली कोळसा आणि तेल, वर झाडी, हाताला काम कमी. आपल्याकडच्या कितीतरी गावांसारखाच. अशा गावाच्या दगडाला अचानक किंमत आली, तर तो पैसा कुणाच्या हातात जातो, जमीन कुणाची राहते आणि जंगलाचं काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

कुठे आहे हा डोंगर?

अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलाचियन नावाची जुनी डोंगररांग आहे. तिच्या पश्चिम बाजूला केंटकी राज्य लागतं. केंटकी म्हटलं की शहरातल्या पोरांना तळलेल्या चिकनचं दुकान आठवतं. ते दुकान याच राज्यातलं, कॉर्बिन नावाच्या गावातलं. आपण ज्या दगडाबद्दल बोलतोय त्याचंही नाव कॉर्बिन वालुकाश्म. वालुकाश्म म्हणजे वाळूचा दगड.

या राज्याच्या पूर्वेला डॅनियल बून राष्ट्रीय वन आहे, सुमारे सात लाख एकरांचं. त्यात रेड रिव्हर नावाची नदी डोंगर कापत वाहते. तिने कोरलेल्या दरीला आणि आजूबाजूच्या कड्यांना रेड रिव्हर गॉर्ज म्हणतात. पॉवेल, वुल्फ, मेनिफी आणि ली या चार काउंटींमध्ये हा मुलूख पसरला आहे. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याच्या आसपासचा कारभार समजा. ओक, पाइन, हेमलॉक यांचं दाट जंगल, ओढ्याकाठी ऱ्होडोडेंड्रॉनच्या जाळ्या, आणि झाडांच्या वर डोकं काढणारे पिवळे-तांबूस कडे. दगडाच्या नैसर्गिक कमानीच इथे शंभराहून अधिक आहेत. काही कमानी एवढ्या मोठ्या की वरून माणसं चालत जातात.

वाळूचा दगड कसा बनतो?

आपल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी काळा दगड आहे. तो जमिनीतून उसळलेल्या लाव्ह्याचा. आपलं जातं, पाटा-वरवंटा त्याचाच. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बायांना वाळूचा दगड नवा नाही. तिथे कोळशाच्या थरांबरोबर वालुकाश्मही आहे. आणि नागपंचमीला नागद्वारीची यात्रा केलेल्या बायांनी पचमढीचे कडे पाहिले असतील. तेही वालुकाश्माचेच. हात फिरवला तर खरखरीत लागतात, बोटाला बारीक वाळू येते.

केंटकीतला हा दगड सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळी मोठ्या नद्यांनी वाळू आणि गोटे वाहून आणून इथे टाकले. थरावर थर बसले. वरच्या वजनाने खालची वाळू दाबली गेली आणि पाण्यात विरघळलेल्या खनिजांनी कण एकमेकांना चिकटवले. त्या काळातल्या दलदलीत जी झाडं कुजली त्यांचा कोळसा झाला. म्हणून या भागात दगड आणि कोळसा एकमेकांचे शेजारी आहेत.

या दगडात लोहाच्या पट्ट्या आहेत. लोहाचा भाग कडक, बाकीची वाळू त्यामानाने मऊ. ऊन, पाऊस, थंडी लागून मऊ भाग झडतो आणि कडक भाग फळीसारखा किंवा कंगोऱ्यासारखा बाहेर राहतो. मधे खोबणी पडतात. जुन्या घराच्या भिंतीत दिवा ठेवायला कोनाडा असतो ना, तसे शेकडो लहान-मोठे कोनाडे कड्यावर असतात. चढणाऱ्याची बोटं त्यातच अडकतात. काळ्या गुळगुळीत दगडावर हे सुख नाही. म्हणून जगभरातले चढणारे वाळूच्या दगडाच्या शोधात जातात.

कड्याचा खालचा थर मऊ असला की तो आधी झडतो आणि वरचा भाग छपरासारखा पुढे येतो. त्याखाली मोठ्या कपारी तयार होतात. बाहेर धो-धो पाऊस असला तरी आत कोरडं. ही कोरडी कपार लक्षात ठेवा, पुढे तिची गोष्ट येणार आहे.

आणखी एक गोष्ट. वाळूचा दगड पाणी पितो. ओला झाला की त्याची ताकद कमी होते, जशी मातीची भिंत भिजल्यावर होते. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असू शकते. अशा वेळी कंगोऱ्यावर भार दिला तर तो तुटून हातात येतो. चढणारा पडतो, आणि लाखो वर्षांत घडलेला कंगोरा कायमचा जातो. म्हणून वालुकाश्म चढणाऱ्यांचा पहिला नियम असा, की पावसानंतर दगड नीट वाळेपर्यंत हात लावायचा नाही. रेड रिव्हरमध्ये छपरासारखे पुढे आलेले कडे पावसातही कोरडे राहतात. तिथे चढता येतं, उघड्या कड्यावर नाही.

चढायचे दोन प्रकार

पहिला प्रकार दोराचा. कमरेला आणि मांड्यांना पट्टा बांधतात, त्याला दोर. कड्यात ठरावीक अंतरावर पोलादी खिळे ठोकलेले असतात. चढणारा प्रत्येक खिळ्याला कडी लावतो आणि तिच्यात दोर अडकवत वर जातो. खाली त्याचा जोडीदार दोर धरून उभा. वरच्याचा हात सुटला तर खालचा दोर आवळतो आणि वरचा हवेत लटकतो, जमिनीवर आपटत नाही. चढण्याआधी दोघं एकमेकांच्या गाठी तपासतात. कितीही वर्षांचा अनुभव असला तरी तपासतात. आपल्या गटात अध्यक्षांनी लिहिलेला हिशेब सचिव पुन्हा मोजतात, तसंच. त्यात अविश्वास नाही, ती रीत आहे.

दुसरा प्रकार सुट्या धोंड्यांचा, त्याला बोल्डरिंग म्हणतात. कड्यावरून सुटून जंगलात पडलेले मोठमोठे धोंडे असतात, खोलीएवढे, घराएवढे. त्यावर दोराशिवाय चढतात. उंची थोडी, पण चाल अवघड. खाली जाड गादी पसरतात, आणि सोबतचे लोक हात वर करून उभे राहतात. पडणाऱ्याला झेलायचं नसतं, त्याला गादीच्या बाजूला वळवायचं असतं, म्हणजे डोकं आणि पाठ वाचते.

यात ताकद लागते, पण नुसत्या दंडाच्या ताकदीवर भागत नाही. पाय कुठे ठेवायचा, अंगाचा तोल कुठे न्यायचा, कुठे थांबून श्वास घ्यायचा हे कळावं लागतं. म्हणून या खेळात मुली मागे नाहीत. २०१२ साली आशिमा शिराइशी नावाची न्यूयॉर्कची मुलगी रेड रिव्हरमध्ये आली. जपानहून आलेल्या आईबापाची लेक, वय अकरा वर्षं. तिने 'सदर्न स्मोक' नावाचा मार्ग चढला. जगातल्या मोजक्याच चढणाऱ्यांना जमेल एवढा तो अवघड आहे. नारळाच्या झाडावर सरसर चढणारी पोरं आपल्याकडेही आहेत. पण पोरगी चढली तर आपण खाली उतर म्हणून ओरडतो.

नवा कडा कसा शोधतात?

अशा जंगलात वाटा नसतात. शोधणारे बहुतेक हिवाळ्यात निघतात. पानं गळालेली असतात, त्यामुळे झाडीमागचा कडा लांबून दिसतो. विंचू-साप कमी, आणि अंगाला लागली की फोड उठवणारी विषारी वेलही ओसरलेली असते. आधी नकाशा पाहतात. नकाशावर उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा असणार. मग ओढ्याच्या काठाने वर चढत जातात. कडा सापडला की तो ठोकून बघतात. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर थर सुटलेला. पाणी कुठून झिरपतं, वरचे दगड सैल आहेत का, पक्ष्यांची घरटी आहेत का, हेही पाहतात.

पण सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. ही जागा कुणाची? सरकारी वन असेल तर वनखात्याचे नियम. तिथे परवानगीशिवाय नवे खिळे ठोकता येत नाहीत. खासगी असेल तर मालकाची परवानगी. हा प्रश्न न विचारता पुढे गेलं की भांडण ठरलेलं. मालकाने एकदा फाटक बंद केलं, तर दगड कितीही सुंदर असला तरी उपयोग नाही.

कपारीतलं चाकवत

आता त्या कोरड्या कपारींची गोष्ट. चढणारे येण्याच्या हजारो वर्षं आधी इथे मूळ अमेरिकन लोक राहत होते. पाऊस आत येत नसल्यामुळे त्यांनी ठेवलेलं बी-बियाणं, गवत, दोऱ्या, टोपल्यांचे तुकडे आजवर टिकले. क्लाउडस्प्लिटर आणि न्यूट कॅश अशा नावांच्या दोन कपारींत अभ्यासकांना एका भाजीचं बी सापडलं. ही भाजी आपल्या चाकवताची सख्खी चुलत बहीण. बियांचं वय सुमारे साडेतीन हजार वर्षं निघालं.

बी रानातलं की पेरलेलं, हे कसं ओळखलं? बियांच्या सालीवरून. रानातल्या बियांची साल जाड असते, कारण त्यांना जमिनीत दिवस काढावे लागतात. माणूस दरवर्षी बी जपून ठेवून पेरायला लागला की लवकर उगवणारं, पातळ सालीचं बी पिढ्यान् पिढ्या पुढे येतं. कपारीतलं बी पातळ सालीचं होतं. म्हणजे मका तिथे पोचायच्या आधीच तिथली माणसं स्वतःचं पीक घेत होती. सूर्यफूलसुद्धा शेतीत आलं ते याच पूर्व अमेरिकेत. आज आपण ज्याचं तेल खातो त्याचं मूळ तिकडचं.

बी निवडणं, वाळवणं, जपणं हे काम कुणाचं असतं हे तुम्हाला सांगायला नको. न्यूट कॅशच्या कपारीबद्दल शेरिल क्लासन या अभ्यासिकेने २०११ साली एक वेगळा तर्क मांडला. तिथे सापडलेली पाळण्याची फळी, औषधी वनस्पती, धाग्यांचं काम हे सगळं पाहून त्यांना वाटलं, की ही बायकांची जागा असावी. महिन्याच्या दिवसांत आणि बाळंतपणात बायका इथे एकत्र राहत असाव्यात. हा तर्कच आहे. पण गडचिरोलीकडच्या कुर्माघराबद्दल ऐकलेल्या आपल्यासारख्या बायांना तो लगेच समजतो. तिथल्या त्या बायकांना कपार ही सक्ती वाटत होती की विसावा, हे दगड सांगत नाही. एवढं मात्र दिसतं, की त्या दिवसांतही त्यांचे हात रिकामे नव्हते.

आज अशा कपारीत कुणी तंबू ठोकला, चूल पेटवली किंवा हौसेने जमीन उकरली, तर हा सगळा पुरावा जातो. म्हणून वनखात्याचा नियम आहे, की कड्याच्या पायथ्यापासून किंवा कपारीच्या आतल्या भिंतीपासून १०० फुटांच्या आत मुक्काम करायचा नाही आणि आगही पेटवायची नाही.

धरणात जाणारी दरी

हे सगळं पाण्याखाली जाणार होतं. १९६२ मध्ये या नदीवर धरण बांधायला मंजुरी मिळाली. खालच्या गावांना पुराचा त्रास होता, तेव्हा धरण हवं म्हणणारे लोकही होते, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसरीकडे दरीतल्या शेतकरी कुटुंबांची जमीन जाणार होती आणि दरीही जाणार होती. विरोध सुरू झाला. नोव्हेंबर १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस स्वतः या दरीत पायी चालायला आले. त्यांच्याबरोबर शेकडो माणसं चालली, वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि ही दरी देशाला माहीत झाली. पुढची काही वर्षं भांडण चाललं आणि १९७५ च्या सुमारास धरणाचा बेत मागे पडला. १९९३ मध्ये नदीच्या या पट्ट्याला देशाच्या कायद्याने संरक्षण मिळालं.

आज चढायला येणाऱ्या पोरांना हे माहीत असेलच असं नाही. पण पायाखालचा दगड त्यांच्यासाठी कुणीतरी आधी वाचवून ठेवलेला आहे.

पैसा आला, पण कुठे गेला?

१९८४ मध्ये मिगेल व्हेंचुरा आणि त्यांच्या पत्नी सुझन यांनी स्लेड या छोट्या ठिकाणी आईस्क्रीमचं दुकान काढलं. मिगेल मूळचे पोर्तुगालचे. पुढे ते पिझ्झा करायला लागले. चढायला येणाऱ्या पोरांकडे पैसे कमी असायचे, त्यांना मागच्या मोकळ्या जागेत स्वस्तात तंबू ठोकू दिला. आज 'मिगेल्स' हे नाव जगभरातल्या चढणाऱ्यांना माहीत आहे. मोठी इमारत नाही, मोठी जाहिरात नाही. येणाऱ्याला खरंच काय हवं ते ओळखलं: पोटभर जेवण, पाठ टेकायला जागा, आणि दुसऱ्या दिवसासाठी जोडीदार मिळेल असं ठिकाण.

सुरुवातीला आजूबाजूचे लोक या पोरांना उडाणटप्पू समजायचे. गाडीत झोपतात, अंघोळ करत नाहीत, यांच्यापासून काय मिळणार? मग ईस्टर्न केंटकी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मोजदाद केली. चढणारे दरवर्षी या भागात सुमारे ३६ लाख डॉलर खर्च करतात असं २०१६ च्या सुमारास निघालं. पाच-सहा वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा आकडा सुमारे ८७ लाख डॉलरवर गेला होता. येणाऱ्यांत शिकलेले, नोकरी करणारे लोक पुष्कळ होते, हेही दिसलं. केंटकीतल्या सगळ्यात गरीब काउंटींमध्ये यांची गणना होते, म्हणून तिथे ही रक्कम लहान नाही.

पण मैत्रिणींनो, आकडा ऐकून लगेच टाळी वाजवू नका. आपण बचत गटाच्या बाया, आपण विचारायचं की यातले गावात किती राहिले? समजा आपल्याकडे एक पाहुणा आला आणि दिवसाला हजार रुपये खर्च केले. त्यातले पाचशे खोलीचे गेले आणि खोलीचा मालक शहरात राहतो. दोनशे पेट्रोलला गेले. शंभराची पाण्याची बाटली आणि वेफर्स, तीही बाहेरून आलेली. उरले दोनशे, ते जेवणाचे. त्यातलं तांदूळ, तेल, मसाला बाजारातून आणला असेल तर गावाच्या हातात शंभरसुद्धा नाहीत. तेच जर खोली गावातल्या ताईंची, भाजी परसातली, पापड-लोणचं गटाचं आणि वाट दाखवणारा पोरगा किंवा पोरगी गावातली असेल, तर त्याच हजारातले सहा-सातशे गावात फिरतात. पाहुणे तेवढेच, खर्च तेवढाच. फरक फक्त मालकीचा.

रेड रिव्हरमध्येही हाच प्रश्न उभा राहिला. २०२० च्या आसपास स्लेडजवळ मोठं रिसॉर्ट उभारण्याचा आराखडा पुढे आला. रोजगार येईल असं काहींना वाटलं. जमिनीचे भाव वाढतील, रस्त्यांवर गर्दी होईल, नोकऱ्या साफसफाईच्या आणि नफा बाहेरच्यांचा, असं इतरांना वाटलं. हे दोन्ही आवाज गावातलेच होते.

जमीन कुणाची?

फाटक बंद होण्याची भीती चढणाऱ्यांना कायम होती. म्हणून त्यांच्या संघटनेने, रेड रिव्हर गॉर्ज क्लाइंबर्स कोअलिशनने, २००४ मध्ये ली काउंटीत सातशे एकरांच्या आसपास जमीन विकत घेतली. कर्ज काढलं आणि वर्गणी गोळा करून फेडलं. दरवर्षी शरद ऋतूत मेळावा भरवतात, त्यातूनही पैसे उभे राहतात. थेंबाथेंबाने तळं भरायची ही पद्धत आपल्याला नवी नाही. आणखी एका ठिकाणी, म्युर व्हॅलीत, एका दांपत्याने स्वतःच्या पैशाने दरी विकत घेतली, चढणाऱ्यांना खुली केली आणि २०१५ मध्ये एका विश्वस्त संस्थेला देऊन टाकली. तिथे गाडी लावायचे पैसे घेतात, त्यातून वाटा आणि पायऱ्या दुरुस्त होतात.

पण एक मेख आहे. कोअलिशनच्या जमिनीवर आजही तेलाचे पंप चालतात. कारण त्या भागात जमिनीच्या वरचा हक्क एकाकडे आणि खालच्या खनिजाचा हक्क दुसऱ्याकडे असू शकतो. पूर्व केंटकीत जुन्या काळी कंपन्यांच्या माणसांनी डोंगरातल्या लोकांकडून थोड्या पैशात खनिजाचे हक्क लिहून घेतले होते. कागदात काय लिहिलंय हे अनेकांना वाचता येत नव्हतं. पुढे नातवंडांच्या काळात बुलडोझर आले आणि त्या कागदाच्या जोरावर परसच उकरू लागले.

१९६५ च्या नोव्हेंबरात नॉट काउंटीतली ऑली कोम्ब्स नावाची ६१ वर्षांची विधवा बुलडोझरसमोर बसली. माझ्या घरावरचा डोंगर उकरू देणार नाही, म्हणाली. पोलिसांनी तिला हातापायाला धरून उचलून नेलं, आणि सणाचं जेवण तिने तुरुंगात घेतलं. त्याचे फोटो छापून आले. लोक हलले. त्या जुन्या कागदांचा जोर पुरता मोडायला मात्र १९८८ साल उजाडलं. त्या वर्षी केंटकीच्या मतदारांनी राज्यघटनेतच दुरुस्ती केली, की जुन्या करारात स्पष्ट लिहिलं नसेल तर जमीनमालकाच्या संमतीशिवाय असं उघडं खाणकाम करता येणार नाही. एका कागदावरच्या अंगठ्याची किंमत तीन पिढ्यांनी भरली.

पायाखालचं फूल

आता शेवटची गोष्ट, एका फुलाची. रेड रिव्हरच्या कपारींत पांढऱ्या लवीचं गोल्डनरॉड नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप उगवतं. साऱ्या जगात ते फक्त मेनिफी, पॉवेल आणि वुल्फ या तीन काउंटींमध्येच आहे. त्याला कपारीच्या तोंडाची सावली आणि वाळू लागते. माणसांनाही बसायला नेमकी तीच जागा आवडते. फिरणारे, मुक्काम करणारे, चढणारे सगळ्यांच्या पायाखाली ते तुडवलं गेलं. १९८८ मध्ये सरकारने त्याला धोक्यातली वनस्पती म्हणून यादीत घातलं.

मग काय केलं? फार मोठं काही नाही. काही कपारींपुढे कुंपण घातलं, पाट्या लावल्या, वाटा वळवल्या, मुक्कामाला बंदी केली. माणसांना हाकलून दिलं नाही, फक्त चालायची जागा बदलली. झुडूप सावरलं. २०१६ मध्ये त्याचं नाव त्या यादीतून काढण्यात आलं. म्हणजे नियम वेळेवर केले आणि पाळले, तर पाहुणे आणि रान दोन्ही राहू शकतात.

नियम नसतील तर माणसंही जातात. या कड्यांवरून पडून मरणाऱ्यांत दोर बांधून चढणारे थोडे. रात्री अंधारात तंबूबाहेर पडलेले, दारू पिऊन कड्याच्या काठावर गेलेले, फोटोसाठी पुढे सरकलेले जास्त. त्यांना शोधायला आणि वर काढायला वुल्फ काउंटीतले स्वयंसेवक रात्री-बेरात्री दरीत उतरतात. पाहुण्यांचा हा बोजाही गावावरच पडतो. तो कुणी हिशेबात धरत नाही.

गटात बोलायला पाच प्रश्न

आपल्याकडेही धबधबे, गड, कडे पाहायला येणारी गर्दी वाढते आहे. उद्या कुणी तुमच्या गावच्या डोंगरावर दोर घेऊन आलं, तर त्यांना ओवाळू नका आणि दगडही मारू नका. गटाच्या बैठकीत हे प्रश्न घ्या.

पहिला, ही जागा कुणाची आहे? वनखात्याची, खासगी, की सामूहिक वनहक्कात ग्रामसभेला मिळालेली? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला. हक्काचा कागद ज्याच्या हातात, नियम करण्याची जागा त्याची.

दुसरा, येणाऱ्याच्या हजार रुपयांतले किती गावात राहतील? वर केला तसा हिशेब कागदावर मांडा. जेवण, मुक्काम, वाटाड्या, गाडीची जागा यातलं कोणतं काम गट घेऊ शकतो ते ठरवा.

तिसरा, कुठे जायचं नाही? देवाची जागा, पाण्याचा झरा, मधाची पोळी, औषधी झाडं, बायकांच्या आडोशाच्या जागा. ही यादी बाहेरचा करू शकत नाही. ती तुम्हीच करायची.

चौथा, अपघात झाला तर काय? जवळचा दवाखाना किती लांब, फोनला रेंज कुठे लागते, झोळी कोण उचलणार आणि त्याचा खर्च कोण देणार?

पाचवा, कागदावर सही करायच्या आधी तो कुणी वाचला? एकट्याने नाही. ग्रामसभेत, मोठ्याने, सगळ्यांसमोर. समजलं नाही तर पुन्हा वाचायला लावा, आणि घाई करणाऱ्याला चहा देऊन परत पाठवा.

या प्रश्नांवर तुमच्या गटात काय चर्चा झाली ते आम्हाला कळवा. निवडक उत्तरं आपण रेडिओवर वाचून दाखवू. तोवर आपला डोंगर एकदा सावकाश, नव्या नजरेने बघून या. जाताना लेकीलाही सोबत न्या. नमस्कार.